वाडा : राहायचे घर आणि पाहायचे घर

ठाण्याला एसटीने येणाऱ्या माणसाला खोपट हे नाव चांगलेच ठाऊक असते. एसटीचे स्थानक, भोवती उंच इमारती आणि दिवसभर न तुटणारी वाहनांची रांग. मराठीत खोपट म्हणजे काटक्या-गवताची लहानशी झोपडी. आज त्या ठिकाणी झोपडी शोधायला कोणी जाणार नाही. नावातले घर तेवढे उरले आहे. कल्याणात सुभेदारवाडा म्हटले की मुलांना शाळा आठवते. पुण्यात शनिवारवाडा म्हणजे बसचा थांबा. (चेंदणी कोळीवाड्यातला 'वाडा' मात्र वेगळा. तिथे वाडा म्हणजे वस्ती. आपण इथे बोलतो आहोत ते चौक असलेल्या, लाकडी खांबांच्या मोठ्या घराबद्दल.)

शहर वाढते तेव्हा जुनी घरे पडतात, यात नवल काही नाही. पण ती नेमकी कशाने पडतात? पावसाने, आगीने, पुराने, हे उत्तर सरसकट दिले जाते आणि ते अर्धेच आहे. दुसरा अर्धा भाग समजून घ्यायला पुण्याच्या वाड्यांशेजारी एक परके उदाहरण ठेवले तर बरे पडते. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल इथे ग्योंगबोकगुंग आणि चांगदोकगुंग या दोन राजवाड्यांच्या मधोमध बुकचोन नावाची वस्ती आहे. तिथे कोरियन पद्धतीची शेकडो जुनी घरे, म्हणजे 'हानोक', अजून उभी आहेत. काहींत कुटुंबे राहतात, काहींत पाहुण्यांना पैसे घेऊन रात्रभर ठेवून घेतात, आणि गल्ल्यांमधून रोज हजारो माणसे ती पाहत हिंडतात.

हानोक आणि वाडा यांच्यात साम्य पुष्कळ आहे. दोन्हींचा भार लाकडी सांगाडा पेलतो आणि भिंत मुख्यतः आडोसा करते. दोन्हींत घडीव दगडाच्या जोत्यावर खांब उभे राहतात, कारण लाकूड जमिनीला टेकले की कुजते. दोन्हींत घराच्या पोटात अंगण असते. आणि एक गंमत पाहा. आपल्याकडे घराचे माप खणांत सांगत: दोनखणी खोली, सातखणी दिवाणखाना. खण म्हणजे दोन खांबांमधले, किंवा वर पाहिले तर दोन तुळयांमधले अंतर, पुण्याच्या वाड्यांत सुमारे पाच फूट. कोरियातही घर मोजतात ते खांबांमधल्या जागेवरून, आणि त्या मापाचे नाव आहे 'खान'. ते माप सुमारे आठ फुटांचे, आणि चार खांबांमधला चौरस म्हणजे एक खान. हा शब्द चिनी मुळाचा आहे. मराठी खणाशी त्याचे नाते नाही, उच्चारातला हा निव्वळ योगायोग. पण कल्पना सारखी असणे हा योगायोग नव्हे. लाकडाची तुळई जेवढे अंतर न वाकता पेलते तेवढीच खोली रुंद होते, हा नियम पुण्याच्या सुताराला होता तसाच सेऊलच्या सुतारालाही होता. मोठे घर म्हणजे मोठी खोली नव्हे, जास्त खण. म्हणूनच कोरियाच्या जोसेन राजवटीला कायदा करून सामान्य माणसाच्या घरावर दहा खानांची मर्यादा घालता आली; खांब मोजले की झाले.

फरक पडतो तो हवेमुळे. सेऊलचा हिवाळा हाडे गोठवणारा. तिथे 'ओंदोल' ही युक्ती निघाली. स्वयंपाकघरातली चूल खोलीच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवायची. तिचा धूर आणि गरम हवा जमिनीखालच्या बोळांतून खेळवायची आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडायची. बोळांवर सपाट फरशा, त्यांवर माती, वर तेल पाजलेला कागद. भाताबरोबर घरही तापते. फरशा संध्याकाळी घेतलेली उष्णता रात्रभर हळूहळू सोडतात. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, म्हणून माणूस जमिनीवरच बसतो, जेवतो, झोपतो. चुलीकडच्या कडेची जागा सर्वांत उबदार. ती घरातल्या वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्याची. उन्हाळ्यासाठी याच घरात उंच उचललेला, अंगणाकडे उघडा लाकडी सोपा असतो. त्याच्या फळ्यांखालून हवा खेळते. एका घरात दोन ऋतूंची दोन घरे, असेच म्हणा ना.

आपल्याला थंडीपेक्षा ऊन आणि पाऊस छळतो, म्हणून वाड्याची युक्ती भिंतीत आणि चौकात आहे. भिंतीचे गणित वरच्या वर्गात करून पाहण्याजोगे आहे. दिवसभरात बाहेरचे तापमान चढते-उतरते. ही लाट भिंतीतून आत शिरताना मंदावते आणि तिला उशीर होतो. विटा-मातीच्या भिंतीत दर बारा सेंटिमीटरला लाटेचा चढउतार एक-तृतीयांशाहून थोडा अधिक एवढाच उरतो आणि उशीर पावणेचार तासांच्या आसपास होतो. म्हणजे आजच्या सहा इंची भिंतीतून दुपारी तीनची झळ रात्री आठच्या सुमारास, घरची माणसे जेवायला बसतात तेव्हा आत पोचते. वाड्याच्या दीड फुटाहून जाड भिंतीत तीच झळ पहाटे सहाच्या आसपास पोचते, आणि तोवर तिचा पन्नासावा हिस्सा काय तो शिल्लक असतो. दारे-खिडक्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके नेटके येत नाहीत. पण माजघर मे महिन्यात गार का, याचे उत्तर एवढ्यात आहे. चौक रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून निवतो आणि त्याच्या तळाशी साठलेली गार हवा सकाळी ओसरीवर मिळते. माडीवर, कौलांखाली, यातले काहीच होत नाही. तिथे दुपारी भाजून निघायचे. वाड्याच्या गारव्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांचे बालपण बहुधा तळमजल्यावर गेलेले असते.

मात्र घर म्हणजे केवळ उष्णतेचे यंत्र नव्हे. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, देवघर, मागचा चौक आणि आड. या क्रमात कोणी कुठवर यायचे हे ठरलेले असे आणि ते जातीवर, बाईपणावर ठरत असे. काही माणसे देवडीच्या आत येत नसत. घरच्या बायका दिवाणखान्यात दिसत नसत. हानोकमध्येही पुरुषांची बैठकीची इमारत पुढे आणि बायकांची मागे, हीच मांडणी. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी समाजाइतकाच वाड्याचा नकाशाही मोडला. पुण्याच्या गंज पेठेतला तो फुलेवाडा आज स्मारक आहे. मुलांना तिथे नेलेत तर हौद आधी दाखवा.

शिक्षकांना वाड्याशी जवळीक वाटावी असे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रातल्या आधुनिक शाळेचा जन्मच वाड्यांत झाला. दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधलेल्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात. १८८० साली चिपळूणकर, टिळक यांची न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली ती मोरोबादादांच्या वाड्यात. मोठे घर रिकामे आहे, मालकाला त्याचे काय करावे कळत नाही आणि कोणाला वर्ग भरवायचा आहे, अशी ती वेळ होती. पेशवाई १८१८ साली संपली. शेकडो माणसांचा राबता ठेवणारी घरे पोसणारे उत्पन्न आटले. मग वाड्यात बिऱ्हाडे आली.

हे दुसरे आयुष्य पहिल्याहून लांब ठरले. सरदाराचे कुटुंब जिथे राही तिथे पंधरा-वीस कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन खणांत राहू लागली. कोकणातून, देशावरून शिकायला आलेली मुले जिन्याखालच्या खोलीत राहून वारांवर जेवली. नळ एक, संडास चौकाच्या कोपऱ्यात, त्यासाठी सकाळी रांग. वाड्याला 'एक मोठे कुटुंब' म्हणून आज जो गोडवा चढला आहे त्यात माडीवर पाणी वाहून नेणाऱ्या बायकांचे मत कोणी विचारलेले दिसत नाही. तरीही एक गोष्ट खरी, की वापर चालू होता तोवर घर उभे राहिले. चुलीच्या धुराने आढ्याचे लाकूड कोरडे राही आणि किडीला आळा बसे. जमीन सारवली जाई, तेव्हा भेग दिसे आणि बुजवली जाई. पावसाळ्याआधी कौले चाळली जात. फुटके एक कौल जूनच्या आधी बदलले तर काम दहा मिनिटांचे. नाही बदलले तर काय होते, ते जरा तपशिलात पाहू.

पाणी कौलातून उतरून भिंतीत मुरते. तुळईचे टोक भिंतीत बसवलेले असते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ते शतकानुशतके टिकते. तो बराच वर गेला आणि तिथेच राहिला की बुरशी धरते. तुळई मधोमध धडधाकट दिसते, कूज लागते ती टोकाला, डोळ्यांआड. टोक बसले की कडीपाट खचतो, भिंतीला पोट येते. या वेळी घरात राहणारा माणूस काय करतो? ओल दिसते तिथे सिमेंटचा गिलावा मारून घेतो. मातीची भिंत आणि चुन्याचा गिलावा ओलावा बाहेर सोडतात. सिमेंट तो आतच कोंडते. भिंत वरून कोरडी दिसते आणि आतून चिखल होते. दोन पावसाळ्यांत महापालिकेची 'धोकादायक' अशी नोटीस दारावर लागते.

पण कौल का बदलले नाही? इथे पदार्थविज्ञान संपते आणि कायदा सुरू होतो. मुंबई राज्याने १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा केला. युद्धानंतर घरांची टंचाई होती, भाडेकरूला रस्त्यावर यावे लागू नये हा हेतू चांगलाच होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरले. पुढे पन्नासहून अधिक वर्षे, धान्य, मजुरी, लाकूड, कौले यांचे भाव कितीतरी पटींनी वाढले तरी, हे भाडे जवळजवळ जागीच राहिले. सगळ्या बिऱ्हाडांचे वर्षाचे भाडे एका गवंड्याच्या काही दिवसांच्या मजुरीलाही पुरेना. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. घर पडले तर जागा मोकळी होईल, अशी त्याला उलट आशाच. भाडेकरूला घर सोडवेना आणि दुसऱ्याच्या घरावर खर्चही करवेना. १९९९च्या नव्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पाच रुपयांवर चार टक्के म्हणजे वीस पैसे! राहणारा एक, मालक दुसरा आणि काळजी घेणारा कोणीच नाही, अशी ही अवस्था. वाड्यांची पडझड बव्हंशी या एका गाठीतून निघते, असे माझे मत आहे.

अपघातांनीही भर घातलीच. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले आणि १८२८च्या आगीत लाकडी मजले जळून गेले. आज तिकीट काढून आपण पाहतो ती जोती, तट आणि दरवाजे, म्हणजे जळू न शकणारा भाग. घर म्हणून तिथे पाहण्यासारखे फार थोडे आहे, हे मुलांना आधीच सांगावे, नाही तर ती हिरमुसतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मातीत बांधलेल्या भिंती भिजून बसल्या. पण आगीत, पुरात पडलेले घर पूर्वी पुन्हा बांधले जाई. १९६१ नंतर त्या जागी वाडा पुन्हा उठला नाही, इमारत उठली.

आता पुन्हा बुकचोनकडे. तिथली घरे फार प्राचीन असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांतली बरीचशी १९२० आणि १९३०च्या दशकांतली आहेत. सेऊलवर तेव्हा जपानची सत्ता होती आणि जपानी वसाहती जुन्या शहराकडे सरकत होत्या. जोंग से-ग्वोन नावाच्या कोरियन बांधकाम व्यावसायिकाने सरदारांच्या मोठ्या जागा विकत घेतल्या, त्यांचे लहान तुकडे पाडले आणि प्रत्येकावर लहानसे, नळ आणि वीज असलेले हानोक बांधून सामान्य ऐपतीच्या कोरियन लोकांना विकले. जुन्या पद्धतीची घरे नव्या गरजेला बेतून, धंदा म्हणून, रांगेने बांधली. याच माणसाने कोरियन भाषेचा कोश करणाऱ्या मंडळाला इमारत दिली होती. पुण्यात आपले सरदारवाडे बिऱ्हाडांसाठी आतून कापले गेले. तिथे जागा कापून घर मात्र पुरे ठेवले गेले. प्रत्येक कुटुंबाला आपले कौल, आपले अंगण आणि आपली दुरुस्ती मिळाली.

तरी तीही पडू लागलीच. १९८३ साली सरकारने वस्तीवर कडक बंधने घातली: काही बदलायचे नाही. लोक वैतागले, गळके घर दुरुस्त करायलाही परवानगी लागू लागली. नव्वदच्या दशकात बंधने सैल केली, तर हानोक पाडून बहुमजली घरे उठू लागली. दीड हजारांच्या घरातली संख्या २००० सालापर्यंत हजाराच्या खाली आली. बंदी घालून घर टिकत नाही आणि मोकळे सोडूनही टिकत नाही, हे वीस वर्षांत कळले. २००१पासून तिथल्या पालिकेने तिसरा रस्ता धरला. घरमालकाने स्वखुशीने हानोकची नोंद करायची. नोंदलेल्या घराला दुरुस्तीसाठी अनुदान आणि कर्ज मिळायचे. काही घरे पालिकेने स्वतः विकत घेतली. सांगाडा, छप्पर, अंगण जुने. स्वयंपाकघर, न्हाणीघर नवे. ओंदोलच्या बोळांत धुराऐवजी आता बहुधा गरम पाण्याच्या नळ्या असतात. काही मालकांनी खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. अशा घरात रात्र काढणारा पाहुणा चपला बाहेर काढतो, उंबऱ्यावर वाकतो, जमिनीवर अंथरूण घालतो आणि पाठीला ऊब लागली की ओंदोल म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

मग पाहणारे इतके वाढले की राहणाऱ्यांना राहणे अवघड झाले. दाराच्या फटीतून डोकावणे, उंबऱ्यावर बसून छायाचित्रे, पहाटेपासून सामानाच्या चाकांचा खडखडाट. रहिवासी घरे विकून जाऊ लागले. शेवटी तिथल्या प्रशासनाने २०२४ साली वस्तीतला काही भाग विशेष क्षेत्र ठरवला. तिथे पाहुण्यांनी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळात फिरायचे. मार्च २०२५ पासून नियम मोडणाऱ्याला एक लाख वॉनपर्यंत दंड. आकडा ऐकून दचकू नये, वॉन रुपयापेक्षा बराच लहान आहे. ही रक्कम सहा हजार रुपयांच्या आसपास भरते. घर पाहायला येणाऱ्याला दंड करून घर वाचवावे लागते, ही गोष्ट विचित्र वाटली तरी सरळ आहे. माणसे निघून गेली की कौल पुन्हा कोणी बदलत नाही.

आपल्याकडे अजून पाहणाऱ्यांची गर्दी ही अडचण नाही. आपल्याकडे घरे बहुतेक करून दोन टोकांना गेली आहेत. एका टोकाला स्मारक. भिडेवाड्याची कथा ताजी आहे. तळमजल्यावर दुकाने, वर मोडकळीला आलेले मजले, भाडेकरू आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे खटला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल महापालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला गेला, त्या जागी सावित्रीबाईंचे राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी. स्मारक हवेच. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुली ज्या जिन्याने चढल्या असतील ते लाकूड वेळीच राखले असते तर ते स्मारकाहून अधिक बोलले असते. दुसऱ्या टोकाला हॉटेल. सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची गढी २००७ साली हॉटेल झाली. भिंती, बुरूज राखले गेले हे चांगलेच. पण शाळेची सहल तिथे मुक्कामाला जाऊ शकणार नाही, आणि गावात उभी असलेली गढी पेठेतल्या गल्लीतल्या घराचा प्रश्न सोडवत नाही. मधली जागा, म्हणजे घरमालक स्वतः राहतो, दोन खोल्या पाहुण्यांना देतो आणि त्या पैशातून शाकारणी करतो, ही पेठांत फारशी रुजलेली नाही. भाडेकरूंना न्याय्य मोबदला, मालकाला दुरुस्तीसाठी मदत आणि घराच्या सांगाड्याला हात न लावण्याची अट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय ती रुजणार नाही.

तोवर शाळांना करता येण्याजोगे काम आहे. गावात, पेठेत एखादा राहता वाडा असेल तर घरच्यांची परवानगी घेऊन पाच-सहा मुलांना न्यावे, साठ नव्हे. बरोबर मोजपट्टी आणि साधे तापमापक असावे. चौकात, माजघरात आणि माडीवर सकाळी नऊ, दुपारी तीन आणि शक्य झाले तर रात्री नऊ वाजता तापमान घ्यावे आणि आलेख काढावा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजता येते. खण मोजावेत, सगळे खण सारखे नसतील तर कुठे आणि का, हे विचारावे. बहुतेकदा तिथे मागाहून भिंत घातलेली असते आणि तिच्यामागे एखाद्या बिऱ्हाडाची हकीकत निघते. वर तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे डाग आहे का ते पाहावे. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारावे, की पूर्वी तुम्ही कुठवर येऊ शकत होता, पाणी कुठून आणत होता आणि कौले शेवटची कधी चाळली.